बेडजवळची बढती

ड्युटी बदलताना वॉर्डाचा ताबा, म्हणजे 'ओव्हर', घ्यायला आलेली नवी सिस्टर आधी केसपेपर उघडते. जुनी आधी पेशंटच्या अंगावरची चादर बाजूला करते. शिरेतल्या इंट्राकॅथभोवती सूज आलीय का बघते, खाली लटकणाऱ्या लघवीच्या युरोबॅगकडे वाकते, टाचांना हात लावते आणि मग विचारते, "आजोबा, जेवलात का?" उत्तर हो की नाही, याला फारसं महत्त्व नसतं. ते एका दमात येतं की मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागतं, हे तिला ऐकायचं असतं.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात मेडिकल वॉर्डाची परिसेविका आहे. लोकांच्या तोंडी 'इन्चार्ज सिस्टर'. दरवर्षी नव्या मुली येतात, हल्ली ब्रदरही बरेच असतात. कोणी तीन वर्षांचं जीएनएम केलेलं, कोणी चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. पुस्तकातलं सगळं त्यांना येतं, आमच्या काळापेक्षा जास्तच येतं. इंजेक्शनला हात थरथरतो तो महिन्याभरात थांबतो. जे यायला वर्षं लागतात ते वेगळंच आहे.

टीपीआर चार्टवर श्वसनाच्या रकान्यात 20, 20, 22, 20 असे आकडे ओळीने दिसले की मी समजते, कोणी मोजलेलं नाही. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी आणि ऑक्सिजन बोटाला लावलेलं यंत्र सांगतं, बीपीलाही आता यंत्र आहे. श्वास मात्र वॉर्डात माणसालाच मोजावा लागतो. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट, तेही पेशंटच्या नकळत, कारण मोजताय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. एवढा आटापिटा कशाला? पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा पहिला हाच आकडा हलतो. बीपी उतरेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि मोजून भागत नाही, ते सांगताही यावं लागतं. "सर, पेशंट बरा वाटत नाहीये," एवढ्यावर रात्री दोन वाजता ड्युटी डॉक्टर उठतीलच असं नाही. त्यांनाही दिवसभराची ओपीडी झालेली असते. "सर, बारा नंबर. श्वास संध्याकाळी 18 होता, आता 28. सहा तासांत लघवी 100 एमएल. हातपाय गार," असं म्हटलं की ते चप्पल शोधायला लागलेले फोनवर ऐकू येतात. या दोन वाक्यांमधलं अंतर कापणं म्हणजे सिस्टर म्हणून मोठं होणं, असं मी मानते. प्रमाणपत्रं नंतर.

औषधांचं तेच. इन्सुलिनची बाटली आपल्याकडे बहुधा 40 ची असते, म्हणजे एका एमएलमध्ये 40 युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमध्ये येतं ते 100 चं; त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची. अंधूक ट्यूबलाइटमध्ये लाल आणि नारिंगी कितीसं वेगळं दिसतं ते एकदा बघा. 40 च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला जातात फक्त 8 युनिट. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने तेवढंच ओढलं तर जातात 50, आणि पहाटे तो घामाने डबडबून बेशुद्ध सापडतो. म्हणून आमच्या वॉर्डात बाटली आणि सिरिंज दोघींनी बघायची, आकडा मोठ्याने म्हणायचा. पोटॅशियमच्या अँप्युलही वेगळ्या डब्यात, कुलपात. ते कधीही थेट शिरेत सोडायचं नसतं, सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायचं. एकदम गेलं तर हृदय थांबतं.

सलाईन 'सोडायचं' म्हणजे काय, तेही बाहेरच्यांना माहीत नसतं. इन्फ्युजन पंप असतात आयसीयूत. जनरल वॉर्डात मनगटी घड्याळ, रोलर आणि डोळा. 500 एमएल चार तासांत द्यायचं, साध्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक एमएल, तर मिनिटाला 42 च्या आसपास थेंब. पंधरा सेकंदांत दहा-अकरा. रोलर जरा फिरवायचा, परत मोजायचे. तेवढ्यात मागून पेशंटच्या मुलाचा आवाज येतो, "ओ सिस्टर, जरा जोरात सोडा की, लवकर संपेल." हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला जोरात सोडलं तर पाणी फुप्फुसात उतरतं, हे त्या मुलाला सांगेपर्यंत मोजलेले थेंब विसरलेले असतात. पुन्हा एक, दोन, तीन.

हे सगळं एका पेशंटचं झालं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. आमच्याकडे नाइटला दोघींच्या वाट्याला पन्नासच्या वर पेशंट येतात आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या साथीत जमिनीवरही गाद्या पडतात. अशा वेळी इंजेक्शनं चुकत नाहीत, कारण ती लिहिलेली असतात. राहून जातं ते न विचारलं जाणारं काम: तोंड स्वच्छ करणं, पडून असलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून देणं. ते राहिलं की पहिल्यांदा माकडहाडावर लाली येते, दाबली तरी जात नाही अशी. तिथून बेडसोर व्हायला फार दिवस लागत नाहीत.

कूस बदलणं हे मावशींचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवाव्यात. 27 नोव्हेंबर 1973 ला त्यांच्यावर हल्ला झाला, 18 मे 2015 ला त्या गेल्या. मधली चाळीसहून अधिक वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि 2011 पर्यंत त्यांना एकही बेडसोर झाला नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या त्या वर्षीच्या निकालात नोंदलेलं आहे. त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त होत गेल्या, नव्या येत गेल्या. तिथे काही मोठं यंत्र नव्हतं. दर दोन तासांनी कुणाचा तरी हात होता.

नातेवाईकांकडून होणाऱ्या मारहाणीबद्दल फार लिहीत नाही. रुग्णालयांतल्या हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा 2010 चा कायदा परिचारिकांनाही संरक्षण देतो. पण रात्री अडीचला पंधरा नातेवाईक आत शिरतात तेव्हा दारात कायदा नसतो, साठीचे वॉचमन मामा असतात.

मला खरं लिहायचं आहे ते बढतीबद्दल. अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका, अशी आमची शिडी. तिच्या प्रत्येक पायरीवर पेशंट एकेक हात लांब जातो. मी परिसेविका झाले तेव्हा घरी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात आलं डेडस्टॉक रजिस्टर. फाटलेल्या चादरींचं निर्लेखन, औषधांचं इंडेंट, सक्शन मशीन बंद असल्याचं स्मरणपत्र, त्याचं दुसरं स्मरणपत्र, मुलींचं ऑफ-ड्युटीचं गणित: कुणाच्या बाळाला ताप, कुणाचं लग्न ठरलेलं. ही कामं हलकी नाहीत. इंडेंट चुकलं तर रविवारी वॉर्डात अँटिबायोटिक नसतं. पण चादर बाजूला करून दोन मिनिटांत पेशंट ओळखणारी नजर कमवायला निम्मी नोकरी जाते, आणि ती कमावली की आम्ही त्या बाईला टेबलामागे बसवतो.

शिकून तरी वाट निघते का? आमच्याकडच्या कितीतरी जणींनी रजा काढून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं आणि परत त्याच पदावर, त्याच पगारावर रुजू झाल्या. परिचर्या परिषदेने अतिदक्षतेसाठी 'नर्स प्रॅक्टिशनर'चा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला आहे. कल्पना उत्तम, पण माझ्या रुग्णालयाच्या पदमंजुरीत तसं पदच नाही. एमएस्सी झालेली मुलगी कॉलेजात शिकवायला जाते, तीही बेडपासून दूर. 2024 मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आमच्या ड्युटीरूममध्ये जर्मन क्रियापदं ऐकू येतात. मी त्या मुलींना अडवत नाही. त्यांना पगार हवा आहे, आणि खरं सांगायचं तर वीस पेशंट कमीही हवे आहेत.

मागणी साधी आहे. बेडजवळच राहून वर चढता येईल अशी पदं निर्माण करा. पंधरा वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टरला परिसेविकेइतकी वेतनश्रेणी द्या, तिच्या हाताखाली नव्या मुली द्या आणि डेडस्टॉक रजिस्टर एखाद्या लिपिकाकडे सोपवा. लिपिकाची जागा भरणं हे अनुभवी सिस्टर गमावण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.