एका प्रतीचे उणेपण

आल्फ्रेड नड्सन या अमेरिकन वैद्यकसंशोधकाने दृष्टिपटलाच्या अर्बुदाने पीडित अशा ४८ बालरुग्णांच्या नोंदी तपासून १९७१ साली जो सिद्धांत मांडला, त्याचा मथितार्थ असा की, अर्बुदास आवर घालणाऱ्या जनुकाच्या मातेकडून व पित्याकडून लाभलेल्या दोन्ही प्रती निकामी झाल्या म्हणजेच गाठ उद्भवते. सिद्धांत खरा ठरला. मात्र त्याबरोबर एक प्रत शाबूत असेतो पेशीच्या कारभारात काही बिघाड होत नाही, अशी जी समजूत रूढ झाली, ती मेंदूच्या बाबतीत टिकली नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला न्यूरोफायब्रोमॅटोसिस या विकाराचा होय. फ्रीडरिश फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. सुमारे तीन हजार जन्मांमागे एकात आढळणाऱ्या या विकारात कातडीवर कॉफीच्या रंगाचे डाग व मज्जातंतूंवर गाठी दिसतात, आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घराण्यात त्याचा मागमूसही नसतो. त्यास कारण असलेले, सतराव्या गुणसूत्रावरील एनएफ-१ हे जनुक फ्रान्सिस कॉलिन्स व रे व्हाइट यांच्या संशोधकगटांनी १९९० साली हुडकून काढले. या जनुकापासून सिद्ध होणारे न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन, पेशीस वाढीचा हुकूम पोचविणाऱ्या ‘रास’ प्रथिनास वेळीच निष्क्रिय करते. पाळी संपताच पाटाचे दार बंद करणाऱ्या दोन पाटकऱ्यांपैकी एक नाहीसा झाला असता दार बंद होते खरे, पण उशिरा होते. एक प्रत गमावलेल्या पेशीत ‘रास’चा अंमल तसाच लांबतो.

या लांबणीचा परिणाम काय होतो, हे चेताशास्त्रज्ञ आल्सिनो सिल्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखविले. एकच प्रत असलेले उंदीर जागेची ओळख लक्षात ठेवण्यात मागे पडतात, असे १९९७ साली निदर्शनास आले. आणि २००२ साली असा खुलासा झाला की, ‘रास’च्या अतिरेकामुळे चेतापेशींमधील निरोधक संदेश वाढून स्मृतीस आधारभूत असणारे पेशीसंधींचे दृढीकरण खुंटते. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, ‘रास’चा जोर कमी करताच त्या उंदरांची शिकण्याची शक्ती सुधारली. अर्थात उंदरांत साधले ते बालकांत साधले नाही: ‘रास’चा जोर कमी करणाऱ्या स्टॅटिन वर्गातील औषधांनी उंदरांत आशा उत्पन्न केली असताही, मुलांवर झालेल्या, २००८ व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सिम्व्हास्टॅटिनचा अपेक्षित गुण आला नाही.

अर्बुदाच्या बाबतीतही अर्ध्या उणेपणाचा वाटा नड्सन यांच्या सिद्धांतातून ध्यानात येण्यासारखा नव्हता. सेंट लुई येथील डेव्हिड गटमन यांच्या प्रयोगशाळेने २००३ साली असे दाखविले की, उंदराच्या मेंदूतील तारकापेशी नावाच्या आधारपेशींतील दोन्ही प्रती नष्ट केल्या तरी भोवतालचा मेंदू निरोगी असल्यास या विकारात आढळणारी दृष्टितंतूवरील गाठ होत नाही. भोवतालच्या पेशींनीही एक प्रत गमावली असेल तरच ती होते. याच प्रयोगशाळेचे, चेतातज्ज्ञ मिशेल मोन्जे यांच्या सहकार्याने २०२१ साली प्रसिद्ध झालेले संशोधन तर अधिकच विस्मयकारक आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाने चेतविलेल्या, एक प्रत उणी असलेल्या दृष्टिचेतापेशी न्यूरोलिगिन-३ नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर सोडून गाठीस उत्तेजन देतात, आणि ठराविक वयात अंधारात वाढविलेल्या उंदरांत ती गाठ उत्पन्नच होत नाही.

यावरून निष्पन्न होते ते हेच की, ज्या पेशींना आपण आजवर निर्दोष साक्षीदार मानीत आलो, त्या एका प्रतीवर निर्वाह करणाऱ्या पेशी बुद्धीच्या मंद गतीसही आणि गाठीच्या पोषणासही जबाबदार असतात. ‘रास’च्या पुढील साखळीस आवर घालणारे सेल्युमेटिनिब हे औषध २०२० साली अमेरिकेत काही गाठींकरिता मान्य झाले, ही समाधानाची गोष्ट होय, परंतु या विकाराच्या निम्म्याहून अधिक बालकांना अध्ययनाच्या अडचणी येतात, आणि त्यांपैकी पुष्कळांना आळशी वा हूड ठरविले जाते. म्हणून अशा बालकाच्या दृष्टीची नियमित तपासणी जितक्या दक्षतेने व्हावी, तितक्याच दक्षतेने त्याच्या पाठशाळेतील प्रगतीची चौकशी व्हावी, कारण दोहोंचे मूळ त्याच्या एकाच जनुकात आहे, त्याच्या स्वभावात नाही.