गहन मानसशास्त्राचे शिक्षण : सद्यःस्थिती आणि उपलब्ध मार्ग

प्रस्तावना :

मानवी वर्तनामागे जाणिवेच्या पलीकडील मनोव्यापार कार्यरत असतात, या गृहीतकावर उभ्या असलेल्या विचारप्रवाहांना 'गहन मानसशास्त्र' असे संबोधले जाते. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांच्या नावाशी ही संज्ञा जोडली जाते. फ्रॉईड यांचे मनोविश्लेषण, युंग यांचे विश्लेषणात्मक मानसशास्त्र आणि ॲडलर यांचे व्यक्तिमानसशास्त्र हे या प्रवाहाचे तीन प्रमुख स्रोत होत. आपल्याकडील पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत या विषयाला बहुधा व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांतांतील एक-दोन घटकांपुरते स्थान मिळते. गमतीची बाब अशी की, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला युंग अधिक जवळचे वाटण्याचा संभव असतो. कारण 'आदिबंध' ही संकल्पना त्याला समीक्षेच्या वाटेने आधीच भेटलेली असते.

अलीकडच्या काळात दूरस्थ व्याख्यानमाला, कार्यशाळा आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम यांमुळे हा विषय शिकण्याच्या संधी वाढल्या आहेत. परंतु विषयाची माहिती मिळवणे आणि विश्लेषक म्हणून पात्रता मिळवणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आज पूर्वी कधी नव्हती इतकी सुलभ झाली आहे. दुसरी अद्यापही दुर्मीळ आहे. या दोहोंमधील अंतराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रशिक्षणाची त्रिसूत्री :

विश्लेषक घडवण्याची जी पद्धत आज जगभर कमी-अधिक फरकाने मान्य आहे, तिचा उगम बर्लिनमध्ये सापडतो. तेथे १९२० मध्ये माक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने मनोविश्लेषणाचे सार्वजनिक चिकित्सालय सुरू झाले आणि त्याच्या आधारे प्रशिक्षणाची तीन अंगे निश्चित झाली. उमेदवाराने स्वतः अनुभवी विश्लेषकाकडे विश्लेषण करून घेणे, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णांवर उपचार करणे आणि सिद्धांतांचा पद्धतशीर अभ्यास करणे, ही ती तीन अंगे होत. पुढे १९२५ पासून आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेने प्रशिक्षणासाठी स्वतंत्र मंडळ नेमून या पद्धतीला संघटनात्मक बळ दिले.

या तीन अंगांपैकी विद्यापीठाला पेलण्यासारखे अंग एकच, ते म्हणजे सिद्धांताचा अभ्यास. उमेदवाराचे स्वतःचे विश्लेषण हे परीक्षेने मोजता येत नाही, वर्गात शिकवता येत नाही आणि सत्रपद्धतीच्या वेळापत्रकात बसवता येत नाही. तरीही तोच प्रशिक्षणाचा गाभा मानला जातो. याचे कारण गूढ नाही. रुग्ण आपल्या आयुष्यातील जुन्या व्यक्तींविषयीच्या भावना उपचारकावर आरोपित करतो. तशाच भावना उपचारकाच्याही मनात रुग्णाविषयी जागृत होतात. ज्याने स्वतःच्या अबोध मनाशी झुंज दिलेली नाही, तो स्वतःचे दुखणे रुग्णाचे म्हणून वाचण्याची शक्यता असते. हा धोका पुस्तकातून समजतो, पण टळत नाही.

युंग यांच्या परंपरेतही हेच तत्त्व आहे. किंबहुना भावी विश्लेषकाने आधी स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे, हा आग्रह प्रथम धरणाऱ्यांमध्ये युंग यांची गणना होते. झुरिक येथे १९४८ मध्ये त्यांच्या नावाने संस्था स्थापन झाली, १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय विश्लेषणात्मक मानसशास्त्र संघटना अस्तित्वात आली आणि २००४ मध्ये झुरिकमध्येच आणखी एक स्वतंत्र प्रशिक्षण संस्था निघाली. अशा संस्थांमधील प्रशिक्षण अनेक वर्षे चालते. स्वतःच्या विश्लेषणाचे शेकडो तास, परदेशातील वास्तव्य आणि त्याचा खर्च यांचा विचार करता, सर्वसाधारण भारतीय विद्यार्थ्यासाठी हा मार्ग कागदावर खुला असला तरी व्यवहारात बंदच राहतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

भारतातील पूर्वपीठिका :

मनोविश्लेषणाच्या क्षेत्रात भारत उशिरा आलेला देश नाही, ही बाब येथे आवर्जून नोंदवली पाहिजे. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी दमन या संकल्पनेवरील प्रबंध १९२१ मध्ये पूर्ण केला आणि १९२२ मध्ये कलकत्ता येथे भारतीय मनोविश्लेषण सोसायटीची स्थापना केली. त्याच वर्षी तिला आंतरराष्ट्रीय संघटनेची संलग्नता मिळाली. संस्थापक सदस्यांत महाविद्यालयीन अध्यापकांची संख्या मोठी होती. बोस यांनी युरोपात जाऊन कोणाकडेही प्रशिक्षण घेतलेले नव्हते. त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने हे शास्त्र आत्मसात केले आणि फ्रॉईड यांच्याशी पत्रव्यवहार करून आपली मतभिन्नताही मांडली. प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम घट्ट होण्यापूर्वीच भारताला हे दार उघडले, हा योग महत्त्वाचा होय. तीन वर्षे उशीर झाला असता तर बोस यांच्यासारख्या स्वयंशिक्षित अभ्यासकाची वाट कदाचित इतकी सुकर झाली नसती. सोसायटीचे 'समीक्षा' हे नियतकालिक १९४७ मध्ये सुरू झाले.

मुंबईशी या इतिहासाचा संबंध एका निर्वासितामुळे जुळला. इटलीतील वंशभेदी कायद्यांमुळे १९३८ मध्ये देश सोडावा लागलेले मनोविश्लेषक एमिलिओ सर्व्हादिओ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत वास्तव्यास होते. त्यांच्या सहवासातून या शहरात मनोविश्लेषणाची परंपरा रुजण्यास साहाय्य झाले.

युंग यांच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे. ते १९३७ च्या अखेरीस भारतात आले, येथील विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या, पण त्यांच्या मागे प्रशिक्षणाची कोणतीही संस्था येथे उभी राहिली नाही. भारतीय योगपरंपरेवर त्यांनी विपुल चिंतन केले. त्या चिंतनाचे वाचक भारतात निर्माण झाले, विश्लेषक नाहीत.

ग्रंथांची नवी उपलब्धता :

गेल्या दोन दशकांत युंग यांचे अप्रकाशित साहित्य मोठ्या प्रमाणावर प्रकाशात आले. सोनू शामदासानी यांनी संपादित केलेले 'रेड बुक' २००९ मध्ये, तर त्यामागील मूळ टिपणवह्यांचे सात खंड २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योग व ध्यानविषयक व्याख्यानेही आता ग्रंथरूपात उपलब्ध आहेत. भारतीय अभ्यासकाला संशोधनासाठी यात मोठा वाव आहे आणि त्यासाठी विश्लेषक असण्याची अट नाही.

अंतर ओलांडण्याचे प्रयत्न :

ज्या देशांत प्रशिक्षण संस्था नाही, तेथील उमेदवारांचे काय, हा प्रश्न साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर पूर्व युरोपात तीव्रतेने पुढे आला. तेथील उमेदवार ठरावीक काळ दुसऱ्या देशात जाऊन सलग विश्लेषण करून घेत व परत येत. युंगप्रणीत संघटनेनेही अशा देशांतील व्यक्तींसाठी 'राउटर' नावाची योजना आखली. तीत उमेदवार आपल्याच देशात राहतो, मान्यताप्राप्त विश्लेषकांकडे विश्लेषण व देखरेख यांचे किमान तास पूर्ण करतो आणि परीक्षकांपुढे परीक्षा देतो. बंगळूरु येथील इंडिया युंग सेंटरसारख्या गटांमुळे भारतीय विद्यार्थ्याला या परंपरेचा परिचय देशातच होऊ लागला आहे.

२०२० मधील महासाथीने दूरस्थ विश्लेषणाचा प्रश्न अपरिहार्य केला. फ्रॉईडप्रणीत संघटना या बाबतीत सावध राहिली आहे. प्रत्यक्ष एका खोलीतील भेट हाच तिच्या दृष्टीने प्रशिक्षणाचा पाया होय. मात्र आठवड्यातील विश्लेषणसत्रांची अपेक्षित संख्या तिने २०१७ मध्ये शिथिल केली आणि चार-पाच सत्रांऐवजी तीन सत्रांनाही मान्यता देण्याचा मार्ग मोकळा केला. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या उमेदवाराला आठवड्यातील एका दिवसाचा फरकही लहान नसतो.

विद्यापीठ आणि व्यवसाय :

विद्यापीठीय व्यवस्थेत या विषयाला मिळालेली एक वेगळी जागा म्हणजे दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातील मनोविश्लेषणात्मक मानसोपचाराचा एम.फिल. अभ्यासक्रम. तेथे सिद्धांत आणि देखरेखीखालील रुग्णसेवा यांची सांगड घातली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीद्वारे एम.फिल. पदवीच बंद केल्याने संशोधन व उपचार यांना जोडणारी ही पायरी निखळली. चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या एम.फिल.ला काही काळ मुदतवाढ मिळाली ती त्याच्या व्यावसायिक गरजेमुळे. गहन मानसशास्त्राला असे पाठबळ नाही, आणि ही हानी दुर्लक्षित राहिली आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापुढील अडचण येथे स्पष्ट होते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आंतरराष्ट्रीय विश्लेषक संघटनांचे सदस्यत्व तिची जागा घेऊ शकत नाही, आणि सहा आठवड्यांचे स्वप्नविश्लेषणाचे प्रमाणपत्र तर या दोहोंपैकी कशाचीच जागा घेत नाही. असे प्रमाणपत्र भिंतीवर लावून समुपदेशन सुरू झाल्यास त्याची किंमत साहाय्यासाठी आलेला माणूस मोजतो. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : शिकवणारी व्यक्ती कोणत्या मान्यताप्राप्त संघटनेची सदस्य आहे, अभ्यासक्रमात स्वतःचे विश्लेषण व देखरेखीखालील काम अंतर्भूत आहे काय, आणि पूर्ण केल्यावर नेमका कोणता अधिकार प्राप्त होतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'कोणताही नाही' असे येईल. केवळ वाचनाच्या वा संशोधनाच्या हेतूने प्रवेश घेणाऱ्याची या उत्तराने कोणतीही हानी होत नाही.