आधी चर, मग रस्ता

उसाचं रान प्लॉटिंगला काढायचं ठरलं की कोल्हापूर भागात कामाचं वेळापत्रक कारखान्याची टोळी ठरवते. तोड झाली, शेवटची खेप गेली, की रान मोकळं. तिथून मृगापर्यंत जेवढे दिवस हाताशी असतात त्यातच रस्ते, चर, पाइप, विजेचे खांब, सगळं उरकायचं. काळ्या रानात एकदा पाणी मुरलं की डंपर आत जात नाही, आणि आत अडकलेला बाहेर येत नाही. म्हणून कागदांची कामं ऊस उभा असतानाच सुरू करावी लागतात.

कळंब्याच्या पुढं, गारगोटी रस्त्याच्या बाजूच्या चार एकरांवरचं असं एक काम मी जवळून पाहिलं. जमीन दोघा भावांची, देखरेख माझ्याकडं. शहराची हद्दवाढ रखडत राहिली आणि २०१७ साली भोवतालच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण आलं. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी या बाजूंना ले-आउट तेव्हाही पडत होते, आजही पडताहेत. त्यात २०१९ आणि २०२१ चे महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दोन वर्षांत पाणी अनुक्रमे ५५ आणि ५६ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून प्लॉट बघायला येणारं प्रत्येक कुटुंब पहिला प्रश्न एकच विचारतं, "इथं पाणी येतं का?" नदीचं येत नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. पण पाणी नदीकडूनच येतं असं नाही, आणि या सगळ्या कामात मला लिहावंसं वाटतं ते याच गोष्टीबद्दल.

कागदांचा भाग थोडक्यात सांगतो. सातबारा भोगवटादार वर्ग १ चा होता, कुळाची नोंद नव्हती, तीस वर्षांचा सर्च स्वच्छ निघाला. झोन दाखल्यात जमीन रहिवासी विभागात होती. शेतजमिनीचे दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणं तेव्हा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात बसत नव्हतं. मंजूर ले-आउटमधला बिनशेती प्लॉट मात्र रीतसर खरेदी होतो. शहराभोवती नोटरीवर विकलेल्या गुंठ्यांच्या वसाहती मी पाहिल्या आहेत. तिथं आगीचा बंब वळत नाही आणि गटाराचं पाणी कुणाच्या दारात सोडायचं यावर भाऊबंद पोलीस ठाण्यात जातात. मंजुरीचा खर्च वाचवून पुढं तो शेकडो घरांवर टाकलेला असतो.

हद्दीची मोजणी झाली त्या दिवशी चारी बाजूंचे शेतकरी बांधावर हजर होते. भूकरमापकानं रोव्हर लावला, खुणा दाखवल्या, आणि उत्तरेचा बांध आमच्या बाजूला हातभर सरकलेला निघाला. धाकट्या मालकांचा आवाज चढला. थोरले म्हणाले, "हातभर रानासाठी कोर्टात जायचं न्हाई. नकाशा आतल्या मापानंच काढूया." त्यांचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. शेजाऱ्याचा दावा चालू असलेल्या जागेत प्लॉट कोण घेणार?

चार एकर म्हणजे १६० गुंठे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे इथं १६ गुंठे. अंतर्गत रस्ता दीडशे मीटरपर्यंत लांब असेल तर ९ मीटर रुंद. रस्त्यांत जवळपास पाव हिस्सा गेला. विकायला उरले शंभरेक गुंठे. मालकांना हा हिशेब पचायला वेळ लागतो, आणि त्याची भरपाई म्हणून खुली जागा हमखास अशा कोपऱ्यात ढकलली जाते जिथला प्लॉट कुणी घेणार नाही. आमच्या पहिल्या नकाशात ती आग्नेय कोपऱ्यात, सगळ्यात खोलगट भागात होती. कागदावर बाग, पावसाळ्यात तळं.

हे लक्षात आणून दिलं शेजारच्या रानातल्या आण्णांनी. नकाशा बघायलाही न मागता ते म्हणाले, "पोरा, वरच्या वीस एकरांचं पाणी ह्या चरीतनं खाली जातंय. तुमचा रस्ता तिथं आडवा पडला तर बांध घातल्यागत हुईल. माझ्या रानात फुगवटा येईल." पश्चिमेच्या बांधाकडेच्या बाभळीच्या बुंध्यावर श्रावणातल्या पाण्याची खूण त्यांनी दाखवली.

अंदाजपत्रकात त्या ठिकाणी ४५० मिलिमीटरचा ह्यूम पाइप धरलेला होता, कारण सगळीकडं तोच धरतात. मी गणित मांडलं. वीस एकर, ताशी ७५ मिलिमीटरची सर, त्यातलं चाळीस टक्के वाहून येतं असं मानलं, तरी सेकंदाला साडेसहाशे लिटरच्या वर पाणी रस्त्याला येऊन भिडतं. ४५० चा पाइप शंभराला एक उतारावर तुडुंब वाहिला तरी तीनशे लिटरसुद्धा नेत नाही. ६०० चाही थोडा कमीच पडतो. शिवाय उसाच्या रानातलं पाणी एकटं येत नाही. पाचट आणि गाळ घेऊन येतं. ९०० चा पाइप ठरला, खुली जागा मधल्या चौकाजवळ आली आणि खोलगट कोपऱ्याच्या कडेनं चरीसाठी पट्टी सुटली. त्यात दोन प्लॉट गेले. थोरल्या मालकांनी ते मान्य केलं.

ठेक्यासाठी तीन दर आले. दोन जणांनी सरसकट "गुंठ्यामागं इतकं" असा आकडा दिला. हा दर ऐकायला सोपा असतो, पण त्यात मुरमाचा थर किती जाड, पाइप केवढा, काहीच बांधलेलं नसतं. तिसऱ्याकडून आम्ही बाबवार दर घेतले आणि मोजमापावर बिल ठरवलं. खरी घासाघीस झाली ब्रासवर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पण कुठले? डंपरच्या फाळक्यापर्यंत भरलेला मोकळा मुरूम आणि पाणी मारून रोलरखाली दबलेला मुरूम यांत मोठा फरक. दीडशे मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद पट्ट्यात दीडशे मिलिमीटरचा दबलेला थर म्हणजे सुमारे ४४ ब्रास. त्यासाठी मोकळा मुरूम पंचावन्नच्या घरात लागतो. बिल दबलेल्या थराचंच, असं करारात लिहिलं आणि दर त्या हिशेबानं वाढवून दिला. ठेकेदाराला तोट्यात ढकलून चांगलं काम मिळत नाही. थराची तपासणी साधी: कुठंही खड्डा घ्यायचा आणि टेप लावायची.

आधी चर, मग रस्ता या माझ्या क्रमावर ठेकेदाराचं म्हणणं वेगळं होतं. "गटार आधी बांधलं तर आमचंच डंपर कडा फोडतील, साहेब." त्यात तथ्य होतं. तोड अशी निघाली: आधी चर पातळीला खोदून घ्यायची, आडवे पाइप टाकायचे, मग काळी माती उचलून मुरूम भरायचा, वर खडीचे थर, आणि गटाराचं काँक्रीट शेवटी. पाणी जायची वाट मात्र पहिल्या दिवसापासून मोकळी.

खोदताना पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाइन लागली. नदीवरून उचललेलं पाणी वरच्या रानांना नेणाऱ्या अशा लाइन या भागात पुष्कळ ठिकाणी जमिनीखाली आहेत आणि सातबाऱ्यावर त्यांची नोंद असतेच असं नाही. ती रस्त्याच्या कडेला वळवायचा खर्च मालकांनी उचलला, कारण प्लॉटखाली राहिली असती तर एखाद्याच्या पायाच्या खोदाईत ती फुटली असती आणि वरची पिकं वाळली असती.

रोलर चालवणारे काका मुरमावर हात फिरवून टँकर थांबवायचे किंवा पुन्हा बोलवायचे. "कोरडा दाबला तर वरनं चकचकीत दिसतोय, आत पोकळ ऱ्हातोय," असं त्यांचं म्हणणं. मधला माथा उंच आणि कडा खाली आहेत का हे मी लेव्हल लावून बघायचो, पण त्यांची नजर बहुतेक वेळा आधीच तिथं पोचलेली असायची.

पाचशे चौरस मीटरच्या वरचा ले-आउट असल्यानं महारेराची नोंदणी होईपर्यंत जाहिरातीचा फलक लावला नाही. ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात राहिले, त्यामुळं ठेकेदाराची चालू बिलं अडली नाहीत. बिलातली अनामत मात्र एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवली. जुलैच्या झडीत पाइपच्या तोंडाशी पाचटाचा बोळा बसला. ठेकेदाराची माणसं येऊन काढून गेली आणि तोंडाला लोखंडी जाळी बसली. आण्णांच्या रानात पाणी चढलं नाही. दसऱ्यानंतर अनामत सुटली, आणि खरेदीखतात प्रत्येक प्लॉटसाठी एक अट आली: जोतं रस्त्याच्या माथ्यापासून किमान दीड फूट उंच, आणि चरीच्या पट्टीवर भिंत, टपरी किंवा पायरी काहीही बांधायचं नाही.