नववीचा धडा आणि छतावरची चूक

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पुस्तकात धाराविद्युतचा पाठ आहे. एकसर जोडणी आणि समांतर जोडणी मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावते. उर्दू शाळेतून आलेल्या मुलांना ‘मुतवाजी’ म्हणजेच समांतर, हेही सांगते. तरीही आमच्या घराच्या स्लॅबवर मी त्याच धड्यात नापास झाले. त्याची किंमत आमच्या दादींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना मोजावी लागली. ती हकिगत आणि तिच्यातून शिकलेलं दोन्ही सांगते.

सिहोऱ्यात वादळी पाऊस आला की लाईन जाते. कुठे झाड तारेवर पडतं, कुठे खांब वाकतो. दादींना दम्याचा त्रास आहे. रात्री छाती भरून आली की नेब्युलायझर लागतो आणि त्याला वीज लागते. म्हणून आम्ही एक पोर्टेबल पॉवर स्टेशन घेतलं. बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात. क्षमता ५०० वॉट-तास. सोबत १०० वॉटचं घडीचं सोलर पॅनल होतं. पुढे तसंच दुसरं पॅनल घेतलं, म्हणजे चार्जिंग दुपटीने होईल.

मृगाच्या तोंडावर एका रविवारी मी दोन्ही पॅनल जोडली. पॅनलच्या वायरींना एमसी-४ नावाचे कनेक्टर असतात, एक नर आणि एक मादी. एका पॅनलचा नर दुसऱ्याच्या मादीत सहज बसतो. खटका वाजला, मला वाटलं झालं. उरलेली दोन टोकं डब्याला लावली. डब्याचा पडदा एकदा चमकला आणि विझला. थोडा जळका वास आला.

शेजारी उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, “अम्मी, ये तो आप ही पढ़ाती हैं ना?”

बॅटरी वाचली होती आणि अर्धी भरलेलीही होती, पण चार्जिंगचा भाग जळला होता. भिंतीवरच्या प्लगनेही ती भरेना. त्याच आठवड्यात वादळ आलं आणि लाईन गेली. पहिल्या रात्री नेब्युलायझर चालला, पंखाही चालला, डबा रिकामा झाला. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास दादींना श्वास लागेना. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्ही त्यांना तुमसरला दवाखान्यात नेलं. अलहम्दुलिल्लाह, सकाळपर्यंत त्या सावरल्या. पण त्या रस्त्यावर त्यांचा हात हातात धरून बसले असताना मला माझा फळा आठवत होता.

चूक नेमकी कुठे झाली

आमच्या प्रत्येक पॅनलच्या मागे आकडे छापलेले आहेत. काहीही न जोडता उन्हात मिळणारा व्होल्टेज २२, काम करतानाचा १८ आणि करंट साडेपाच अँपिअर. डब्यावर लिहिलं होतं: इनपुट १२ ते २८ व्होल्ट, जास्तीत जास्त १० अँपिअर.

एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडलं की ती एकसर जोडणी. तिच्यात व्होल्टेजची बेरीज होते, करंट तेवढाच राहतो. म्हणजे मी २८ व्होल्टची मर्यादा असलेल्या डब्याला ४४ व्होल्ट दिले.

दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र केले की समांतर जोडणी. तिच्यात व्होल्टेज २२ च राहतो आणि करंटची बेरीज होऊन ११ अँपिअर होतो. वॉट दोन्हीकडे सारखेच, सुमारे २००. समांतर जोडणीसाठी ‘वाय’ आकाराच्या कनेक्टरची जोडी मिळते. मला तीच वापरायला हवी होती.

इथे एक शंका येते: करंटची मर्यादा १० आणि आपण देतो ११, मग? व्होल्टेज डब्यावर लादला जातो, करंट मात्र डबा आपल्या गरजेपुरताच ओढतो. टाकी मोठी असली तरी नळ उघडू तेवढंच पाणी येतं, तसं. त्यामुळे करंट थोडा जास्त उपलब्ध असला तरी सहसा बिघडत नाही. तरी आपल्या डब्याच्या माहितीपुस्तिकेत काय म्हटलंय ते आधी वाचा.

व्होल्टेज मोजताना १८ नव्हे, २२ चा आकडा धरायचा. थंडीत तो आणखी चढतो. २५ अंशांखाली प्रत्येक अंशाला साधारण ०.३ टक्के. डिसेंबरच्या पहाटे १० अंश असतील तर २२ चे २३ होतात. म्हणून मर्यादेच्या काठावर कधी जाऊ नये.

एकसर कधी, समांतर कधी

मोठ्या डब्यांचं इनपुट ६० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतं. तिथे दोन पॅनल एकसर जोडणं सोयीचं. करंट कमी असल्याने वायरीत वीज कमी वाया जाते. समांतर जोडणीत मात्र वायर जाड हवी. छतापासून खोलीपर्यंत १० मीटर अंतर धरा, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांब्याची तार. ती १ चौरस मिलिमीटरची असेल तर ११ अँपिअरला जवळजवळ ४ व्होल्ट वाटेतच जातात, १८ चे १४ उरतात. ४ चौरस मिलिमीटरची सोलर वायर घेतली तर साधारण एकच व्होल्ट जातो.

सावलीचाही विचार करावा. एकसर जोडणीत एका पॅनलवर टाकीची किंवा कडुनिंबाची सावली पडली तरी दोन्हींचं काम मंदावतं. समांतर असेल तर सावलीतलंच पॅनल मागे पडतं. आणि शक्यतो दोन्ही पॅनल एकाच प्रकारची घ्यावीत.

आमच्या घरातला आताचा क्रम

आधी पॅनलवर जुनी चादर टाकतो. मग जोडण्या करतो. चादर काढून मल्टिमीटरने व्होल्टेज आणि प्लस-मायनस तपासतो. आकडा २२ च्या आसपास असेल तरच डब्याला वायर लावतो. काढतानाही आधी चादर. चालू करंट वाहत असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी पडते आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल सुमारे २० अंश. आपण २१-२२ अक्षांशावर आहोत, म्हणून वर्षभराला हा कल ठीक. डबा मात्र कधीही उन्हात ठेवत नाही. लिथियमच्या बॅटऱ्यांना ४०-४५ अंशांपुढे चार्जिंग सोसत नाही आणि आपला मे महिना तर सर्वांना माहीत आहे. डबा खोलीत, वायर खिडकीतून. पॅनलही तापली की कमी वीज देतात. २०० वॉटच्या जोडीतून स्वच्छ उन्हात १४०-१५० वॉट मिळाले तरी समाधान मानावं. त्या हिशेबाने रिकामा डबा चार तासांत भरतो. दाट ढगांत तो दिवसभरातही भरत नाही. म्हणून लाईन असते तेव्हा प्लगवर भरूनच ठेवायचा. दुपारी वानरं येतात, तेव्हा पॅनल दोरीने बांधलेली असतात.

आमच्या नेब्युलायझरवर १४० वॉट लिहिलंय. पंधरा मिनिटांना ३५ वॉट-तास लागतात. म्हणजे भरलेला डबा, बाकी काही न चालवता, दहापेक्षा जास्त वेळा पुरतो. म्हणून आता नियम केलाय: लाईन गेली की पंखा नाही, आधी दादी. ज्यांच्या घरी सतत ऑक्सिजन लागणारा रुग्ण आहे, त्यांनी मात्र एका डब्यावर विसंबू नये, सिलिंडर हाताशी हवाच.

काही जण विचारतात, १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतलं छतावरचं सोलर घेतलं तर? बिल कमी करायला ते चांगलंच. पण बॅटरी नसलेलं साधं ऑन-ग्रिड सोलर लाईन गेल्यावर स्वतःही बंद पडतं, कारण तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसू नये. अंधाऱ्या रात्रीसाठी बॅटरी वेगळीच लागते.

डबा दुरुस्त झाला. त्याच्यावर मुलीने जाड अक्षरात चिकटवलंय: “२८ व्होल्टच्या वर नाही.” यंदा धाराविद्युतचा पाठ आला, तेव्हा मी दोन पॅनल आणि मल्टिमीटर वर्गात नेले. मुलांनी दोन्ही जोडण्या करून आकडे वहीत उतरवले. एका मुलाने विचारलं, “मॅडम, चूक जोडली तर काय होतं?” मी त्यांना त्या रात्रीची गोष्ट सांगितली. वर्ग एकदम शांत झाला. मला वाटतं, हा धडा ती मुलं विसरणार नाहीत.