रद्द झालेलं कलम, चालू राहिलेले गुन्हे

कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवताना मी सुरुवात पालघरपासून करते. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीनं या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीनं ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक! आजच्या मुलांना हे खोटंच वाटतं.

या अटकेसाठी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम ‘त्रास’, ‘गैरसोय’ अशा मोघम शब्दांवर उभं होतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. त्रास कोणाला, किती? माझ्या सासूबाईंना शुभ सकाळचे मेसेजही त्रासदायकच वाटतात. श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी कलमच रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताची बाजू मांडणं आणि चिथावणी देणं यांत त्यांनी फरक केला. लगाम घालायचा तो चिथावणीला. ६९अ, म्हणजे इंटरनेटवरचा मजकूर रोखण्याचा सरकारी अधिकार, मात्र शाबूत राहिला. त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

खरी गंमत पुढे. कलम गेलं, तरी पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं: या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका.