गुणपत्रिकेच्या वरची जागा

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदवीच्या वर्गांपर्यंत पोचले, आणि तेव्हापासून इंटर्नशिप, म्हणजे जुन्या कचेऱ्यांत जिला उमेदवारी म्हणत ती, केवळ पुण्या-मुंबईच्या मुलांची बाब राहिलेली नाही. परंड्यापासून उमरग्यापर्यंत धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आज ना उद्या एखाद्या लेखापालाच्या, बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागणार आहे. आणि ज्याच्या गुणपत्रिकेत बेरीज पन्नास-बावन्न टक्क्यांवर थांबली आहे, त्याच्या मनात त्या दारापाशी जाण्याआधीच जो संकोच दाटतो, त्याचा विचार कोणीतरी सहानुभूतीने, परंतु खोटा दिलासा न देता, करावयास हवा.

प्रथम कटू गोष्ट सांगून टाकणे इष्ट. काही दरवाजे कमी गुणांना खरोखरच बंद असतात. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर साठ टक्के मागणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. जेथे अशी अट लेखी घातलेली असते, तेथे कितीही नेटका अर्ज उपयोगी पडत नाही, आणि तेथे महिनेच्या महिने घालवणे हा उमेदीच्या दिवसांचा अपव्यय होय. सनदी लेखापालाच्या मार्गावरही अशी एक रेषा आहे: वाणिज्य पदवीधराला किमान ५५ टक्के असतील तर त्याला फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटसाठी नाव नोंदवता येते, आणि त्याहून कमी असतील तर फाउंडेशनपासून आरंभ करावा लागतो. मात्र ही रेषा वाट लांबवते, अडवत नाही. इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झालेल्या मुलाला आर्टिकलशिपसाठी घेताना, जी २०२३ च्या नव्या योजनेनंतर तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, त्याच्या बारावीच्या टक्क्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

उरलेले दरवाजे अधिक आहेत आणि ते जवळ आहेत. धाराशिव, तुळजापूर, कळंब येथील आणि शेजारच्या सोलापूर-लातुरातील सनदी लेखापालांची व करसल्लागारांची कार्यालये, नागरी बँका, पतसंस्था, साखर कारखान्यांचे लेखाविभाग, शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गटांचे संघ, अशा ठिकाणी अर्ज वाचणारा मनुष्य बहुधा स्वतःच त्या कामाचा धनी असतो. त्याला गुणांपेक्षा निराळेच काही जाणून घ्यायचे असते: या मुलाच्या हातून आकडे जुळतील का, सोपवलेले काम तो शेवटास नेईल का, आणि एका गिऱ्हाईकाचा हिशेब दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही याची खातरजमा आहे का. माझ्या मते अर्जाची सारी रचना या तीन प्रश्नांच्या उत्तरांसाठी असावी.

या उत्तरांचा पुरावा आणायचा कोठून, असे विद्यार्थी विचारतो; तो बहुधा त्याच्या घरातच पडलेला असतो. आपल्याकडील असंख्य घरांत, कपाटातल्या कागदांच्या चळतीखाली, एखाद्या नागरी बँकेचा वा पतसंस्थेचा छापील वार्षिक अहवाल सापडतो, कारण सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तत्पूर्वी हा अहवाल सभासदांपर्यंत पोचतो. त्यात ताळेबंद असतो, नफा-तोटा पत्रक असते, लेखापरीक्षकाचा अभिप्राय असतो. आणि बहुतेक घरांत तो सभेची तारीख पाहून बाजूला ठेवला जातो. विद्यार्थ्याने असे तीन वर्षांचे अहवाल मिळवावेत, आणि ठेवी किती वाढल्या, शंभर रुपयांच्या ठेवीमागे कर्ज किती दिले गेले, थकबाकीचे प्रमाण चढले की उतरले, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत गेला की नाही, सभासदांना दिलेला लाभांश १५ टक्क्यांच्या मर्यादेत आहे की नाही, हे एक्सेलच्या तक्त्यात मांडून त्यावर दोन पानांचे स्वच्छ टिपण लिहावे. ‘एका नागरी पतसंस्थेच्या तीन वर्षांच्या ताळेबंदांची तुलना, ठेवी, कर्जे व थकबाकी यांची गुणोत्तरे, टिपण सोबत जोडले आहे’ ही एक ओळ ज्या अर्जात आहे, तो अर्ज वाचणारा थांबतो, कारण त्याच्यापुढे येणाऱ्या साठ-सत्तर टक्केवाल्यांपैकी फार थोड्यांनी ताळेबंद परीक्षेबाहेर उघडून पाहिलेला असतो.

ज्याच्या घरी ऊस आहे त्याने वजनपावत्या आणि बँकेत जमा झालेल्या रकमा समोरासमोर मांडाव्यात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे मिळावयास हवेत, आणि विलंब झाल्यास त्यावर द.सा.द.शे. १५ प्रमाणे व्याज देय होते. हे व्याज खेपेगणिक काढणे हा कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाहून खडतर आणि खरा हिशेब आहे. भूम तालुक्यात ज्याच्या आप्तांची खव्याची भट्टी आहे, त्याने मालकाच्या परवानगीने आणि त्याचे नाव न देता दुधाची खरेदी, सरपण, मजुरी, निघालेला खवा आणि व्यापाऱ्याकडे अडकलेली उधारी यांचे सहा महिन्यांचे परिव्ययपत्रक करावे. परवानगी मागितली आणि नाव झाकले, या दोन गोष्टींतूनच गोपनीयतेविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मिळून जाते.

कौशल्यांच्या रकान्यात एमएस-सीआयटी आणि टॅली ही दोन नावे जवळजवळ प्रत्येक अर्जात असतात, म्हणून नुसत्या नावांना किंमत राहिलेली नाही. ‘टॅली येते’ असे लिहिण्याऐवजी व्हाउचरच्या नोंदी केल्या, बँकेच्या खातेउताऱ्याशी रोकडवहीचा ताळमेळ घातला, जीएसटीआर-२बी मधील आकड्यांशी खरेदीची बिले पडताळली, असे कामाच्या क्रियापदांनी लिहावे. आणि ते केलेले नसेल तर गावातल्या एखाद्या दुकानदाराच्या परवानगीने महिनाभर करून मगच लिहावे. सेबीने २००६ साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या, म्हणजे एनआयएसएमच्या, परीक्षांचाही येथे उपयोग आहे. म्युच्युअल फंड वितरकांच्या परीक्षेत ५० टक्क्यांना उत्तीर्ण होता येते आणि तिच्या दारात पदवीचे गुण कोणी पाहत नाही. गुंतवणूकदारांसाठीची प्राथमिक परीक्षा तर विनाशुल्क आहे. पदवीत मागे पडलेल्या मुलाने अलीकडे एक परीक्षा नीट दिली, एवढे त्यातून सिद्ध होते, आणि तेवढे पुरेसे आहे.

आता कागदाच्या मांडणीकडे वळू. पान एकच असावे. आपल्याकडील बायोडाटा लग्नाच्या परिचयपत्रासारखा लिहिण्याची रूढी आहे: वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी सत्यतेची प्रतिज्ञा. हे सारे वगळावे. नाव, भ्रमणध्वनी आणि ईमेल यांच्या लगेच खाली केलेली कामे यावीत, त्यानंतर कौशल्ये, आणि शिक्षण सर्वांत शेवटी. तेथे गुण लिहावेत, आणि खरेच लिहावेत. ५४.६ चे ५५ करू नयेत, विद्यापीठाच्या सूत्राखेरीज दुसऱ्या हिशेबाने श्रेणीचे टक्के करू नयेत, राहिलेला विषय लपवू नये. कारण रुजू होताना मूळ गुणपत्रिका मागितली जाते, आणि ज्या व्यवसायात सही हीच मालमत्ता आहे तेथे अर्ध्या टक्क्याचे असत्यही क्षमा केले जात नाही. परंतु सत्य निवडून मांडण्याचा अधिकार उमेदवाराला आहे. एकूण बेरीज कमी असली तरी लेखाकर्मात ७० गुण असतील तर ते स्वतंत्र ओळीत द्यावेत. पहिल्या सत्राहून पाचवे सत्र चांगले असेल तर दोन्ही शेजारी ठेवावीत. दुष्काळात शेतीवर राबावे लागले, घरात दीर्घ आजारपण झाले, असे खरे कारण असेल तर ते सोबतच्या पत्रात एका वाक्यात सांगावे; दुसरे वाक्य लिहू नये, आणि कारण नसेल तर पहिलेही लिहू नये.

वेळेचे भान मात्र फार थोडे ठेवतात. लेखापालाच्या कार्यालयात जीएसटीची विवरणपत्रे दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या सुमारास दाटतात, आणि जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत विवरणपत्रे, संस्थांची लेखापरीक्षणे आणि करलेखापरीक्षणे यांची अशी रास पडते की हाताशी एक विश्वासू मुलगा किंवा मुलगी असावी असे प्रत्येकाला वाटते. म्हणून अर्ज मे महिन्यात, तारखांच्या या गर्दीपासून दूर, स्वतः नेऊन द्यावा; सोबत ते दोन पानांचे टिपण असावे, आणि पत्रात ‘मला संधी द्यावी’ या मोघम विनंतीऐवजी ‘जूनपासून चार महिने, रोज दुपारी दोन ते सात, व्हाउचर तपासणी आणि बँक ताळमेळ यांचे काम करण्यास मी तयार आहे’ असा नेमका प्रस्ताव असावा. काम संपताना त्या कार्यालयाच्या कागदावर, केलेल्या कामाच्या तपशिलासह आणि सही-शिक्क्यानिशी दाखला मागून घ्यावा, आणि पुढच्या अर्जात त्याची ओळ सर्वांत वर लिहावी.