म्हातारपणी अंगावर पाण्याचे फोड : नागीण म्हणून बसू नका

आजीच्या मांडीवर, पोटावर, काखेत टपोरे पाण्याचे फोड उठले की वस्तीत पहिला शब्द निघतो तो ‘नागीण’. मग कुणी गेरू लावतो, कुणी हळदीचा लेप, कारण वसमत-कळमनुरीकडे हळदीला तोटा नाही. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अशा वेळी भगत शिरतो. आणि आम्हाला सर्वात जास्त खटकतं ते पुढचं : आजीचं ताट वेगळं होतं. वेगळ्या ताटाचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला हवा का?

नागीण बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि आधी ठणकते. हे फोड दोन्ही बाजूंना येतात. त्याआधी कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने नुसती खाज असते आणि ती खरूज समजून अंगावर काढली जाते. या आजाराचं नाव बुलस पेम्फिगॉइड. बहुधा साठी-सत्तरीनंतर होतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते, वरचा थर खालच्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करते. थर सुटतात, मध्ये पाणी भरतं. हा जंतूचा आजार नाही, त्यामुळे तो दुसऱ्याला लागत नाही. याचाच भाऊबंद पेम्फिगस. त्यात फोड सैल असतात, लगेच फुटतात, बहुधा आधी तोंडात जखमा होतात आणि तो कमी वयातही होतो.

या दोन्ही रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण म्हणून कमतरतेनेच फोड आले, असं सिद्ध झालेलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ऊन मिळत नाही, हेही कारण असू शकतं. तेव्हा ‘ड’च्या पुडीने फोड जातील या भरवशावर राहू नका. पुडी लागते ती वेगळ्या कारणाने : या आजारावर स्टेरॉइड द्यावं लागतं आणि त्याने हाडं ठिसूळ होतात. ६०,००० युनिटची पुडी मनाने रोज घेऊ नका, जादा झाली तर किडनीला बाधते.

हिंगोलीत उन्हाला काय तोटा, असं वाटेल. पण म्हाताऱ्या कातडीत ड जीवनसत्त्व कमी तयार होतं, सावळ्या रंगाला ऊन जास्त लागतं, आणि आजी तर पत्र्याच्या खोलीत पदर गुंडाळून बसलेली. काचेआडचं ऊन कामाचं नाही. मात्र फोड आलेले असताना ते उन्हात शेकू नका.

साखरेच्या काही गोळ्यांनी, विशेषतः विल्डाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गटातल्या, हा आजार उठू शकतो. गोळी परस्पर बंद करू नका. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. आधी जिल्हा रुग्णालय, गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतात. स्टेरॉइड सुरू झालं की बरं वाटलं म्हणून एकदम सोडायचं नाही, डॉक्टर ते हळूहळू कमी करतात.

फोडाची साल ओढू नका, स्वच्छ सुती कापड वापरा. ताप आला, पू झाला किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.